पुस्तकातला मुलगा आणि पडद्यावरचा मुलगा

एखाद्या लोकप्रिय किशोर-कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहून मंडळी बाहेर पडली, की चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवरच एक वाद सुरू होतो आणि तो घरी जेवणाच्या पानावरही संपत नाही. 'पुस्तकाचे पार वाटोळे केले,' असे एक पक्ष म्हणतो. 'पुस्तक ते पुस्तक, चित्रपट तो चित्रपट. दोहोंची तुलनाच करू नये,' असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या पक्षात बहुधा बारा ते सतरा वर्षांची मुले असतात आणि दुसऱ्या पक्षात त्यांचे आईवडील. आईवडिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असते. तेव्हा दिवा मालवला जातो आणि दुसऱ्या पक्षाचा जय होतो. परंतु दिवा मालवणे म्हणजे निवाडा करणे नव्हे.

या वादात एक शब्द वारंवार ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'न्याय'. चित्रपटाने कादंबरीला न्याय दिला की नाही, असा तो प्रश्न असतो. न्यायाची भाषा एकदा वापरली, की तिच्याबरोबर काही बंधनेही येतात. दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, कसोटी कोणती ते सांगावे लागते आणि अन्याय झालाच असेल तर तो नेमका कोणावर झाला, हेही दाखवावे लागते. आज या क्रमाने आपण हा विचार करू.

प्रथम मुलांची बाजू. मोठी माणसे कादंबरी एकदा वाचतात आणि कपाटात ठेवतात. मुले तसे करीत नाहीत. आवडलेले पुस्तक ती सहा-सहा, आठ-आठ वेळा वाचतात. पावसाळ्यात वाचतात, तापात अंथरुणावर पडल्यापडल्या वाचतात, परीक्षेच्या आदल्या रात्री गणिताच्या वहीखाली लपवूनही वाचतात. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असते. तरीही ती वाचतात, कारण त्यांना गोष्टीपेक्षा गोष्टीतला सहवास हवा असतो. या वाचनात त्यांनी पुस्तकातील प्रत्येक पात्राला चेहरा दिलेला असतो, आवाज दिलेला असतो, जिन्याच्या पायऱ्यादेखील मोजलेल्या असतात. म्हणजे दिग्दर्शकाच्या आधीच या मुलाने आपल्या मनात तो चित्रपट काढून ठेवलेला असतो. त्यामुळे चित्रपटगृहात दोन चित्रपटांची गाठ पडते, आणि त्यांतील एक दुसऱ्याला मुकाट्याने जागा करून द्यायला तयार नसतो.

ही मुले किती बारकाईने पाहतात, याचे एक उदाहरण सर्व जगाला माहीत आहे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील चौथ्या पुस्तकात, ज्याचा मराठी अनुवाद 'अग्निचषक' या नावाने ओळखला जातो, हॅरीचे नाव अनपेक्षितपणे त्या चषकातून बाहेर येते. तेव्हा त्याचे वृद्ध मुख्याध्यापक डंबलडोर त्याला विचारतात, की तू आपले नाव त्यात टाकलेस काय? पुस्तकात हा प्रश्न ते शांतपणे विचारतात. २००५ साली आलेल्या चित्रपटात हेच मुख्याध्यापक तरातरा चालत येतात, हॅरीला धरतात आणि तोच प्रश्न ओरडून विचारतात. एवढाच काय तो फरक! पण जगभरच्या मुलांनी तो पकडला आणि आज वीस वर्षांनंतरही तिच्या थट्टेचा विषय तो होऊन राहिला आहे. आपण मोठी माणसे म्हणू, की एका क्रियाविशेषणासाठी एवढा गदारोळ कशाला? परंतु विचार करून पाहा. ज्या माणसाचा धीर कधी सुटत नाही, म्हणूनच ज्याच्या शेजारी उभे राहिल्यावर भीती वाटत नाही, असा एक वडीलधारा माणूस मुलांनी चार पुस्तकांतून ओळखलेला होता. तो एकाएकी ओरडला, तेव्हा मुलांच्या दृष्टीने तो माणूसच बदलला. यात हट्टीपणा कोठे आहे? हे तर स्वभावचित्रणाचे समीक्षण झाले. आणि ते चौदा वर्षांच्या मुलाने केले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आता दुसरी बाजू ऐकू. चित्रपट काढणाऱ्याची अडचण प्रथम हिशेबाची असते. कादंबरीला पानांची मर्यादा नसते. चित्रपटाला तासांची असते. त्याच मालिकेतील पाचवे पुस्तक सर्वांत जाड, मूळ इंग्रजी आवृत्तीत सातशेहून अधिक पानांचे. आणि त्यावरचा २००७ चा चित्रपट सुमारे दोन तास अठरा मिनिटांचा, म्हणजे तोवरच्या पाच चित्रपटांत सर्वांत लहान! साहजिकच पुष्कळ गळले. पीव्ह्ज नावाचे एक खोडकर भूत त्या शाळेच्या पुस्तकी इमारतीत पानोपानी धुमाकूळ घालते. आठ चित्रपटांपैकी एकातही ते दिसत नाही. पहिल्या चित्रपटासाठी एका नामांकित विनोदी नटाला घेऊन त्याचे प्रवेश चित्रित केले गेले होते. तेही अखेरीस कापण्यात आले. मुलांना हे लागले. तथापि, केवळ गळले म्हणून अन्याय झाला, असे मला म्हणवत नाही. कीर्तनकारही आख्यानातील सर्व प्रसंग एका रात्रीत सांगत नाही. तो निवडतो, आणि श्रोते त्याला दोष देत नाहीत. तेव्हा काय गाळले याची यादी करून न्याय ठरवता येणार नाही. गाळूनही जे राहिले, ते त्याच पुस्तकाचे आहे की नाही, हे पाहावे लागेल.

मग कसोटी कोणती? माझ्या मते किशोरवयीनांच्या कादंबरीत दोन गोष्टी प्राणभूत असतात. एक म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज आणि दुसरी म्हणजे नायकाचे वय. घटना बदलल्या तरी चालतील, स्थळे बदलली तरी चालतील. या दोन गोष्टींना धक्का लागला, की मूल पुस्तक मिटावे तसे मन मिटून घेते.

आवाजाचा विचार आधी करू. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील एका गावची शाळा, नववीचा वर्ग आणि त्या वर्गातला मुकुंद जोशी, एवढेच तिचे जग. मुले परस्परांना आडनावाने हाक मारतात; मुलींचाही उल्लेख आडनावानेच. जोशीच स्वतः सर्व सांगतो, आणि सांगतो ते त्या वयाच्या पोरांच्या बोलीत. त्या सांगण्यात मास्तरांची टवाळी आहे, घरच्यांवरचा वैताग आहे, आणि शिरोडकर नावाच्या मुलीविषयी जे वाटते त्याला शब्दच सापडत नाहीत अशी एक अडखळही आहे. वाचकाला गोडी लागते ती या सांगण्याची. आता कॅमेऱ्याला 'मी' म्हणता येत नाही. कॅमेरा जोशीकडे पाहतो. जोशी होऊन पाहणे त्याला फार कठीण. पुस्तकात आपण जोशीच्या डोळ्यांनी शिरोडकरकडे पाहत असतो. पडद्यावर आपण जोशीलाही पाहतो आणि शिरोडकरलाही पाहतो. भावंडासारखा जवळ असलेला मुलगा एकदम समोरच्या बाकावर जाऊन बसावा, तसे हे होते.

सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला 'शाळा' हा चित्रपट २०१२ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. तो २०११ च्या राष्ट्रीय पुरस्कारांसाठी विचारात घेतला गेला आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा व रूपांतरित पटकथेचा असे दोन मान त्याला मिळाले. त्यावरही वाद झालाच. पुस्तकातला खट्याळपणा पातळ झाला आणि प्रेमकथा वर आली, असे अनेक वाचकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नाही. पुस्तकात जोशीच्या जिभेला जी धार आहे, ती पडद्यावर पुष्कळशी म्यान झाली. परंतु चित्रपटाने दुसरी एक गोष्ट सांभाळली. मुख्य भूमिकांत खरोखरच शाळकरी वयाची मुले घेतली. त्या मुलांना बोलता न येणे, बघता बघता नजर खाली जाणे, वर्गात पाठ करून बसलेल्या मुलीच्या दोन वेण्यांकडे पाहत राहणे, हे सर्व शब्दांवाचून दाखविता आले. कादंबरीने जे बडबडीतून सांगितले, त्यातील काही चित्रपटाने मौनातून सांगितले. आवाजाचा काही भाग हरवला. वय मात्र हरवले नाही. म्हणून मी म्हणेन, की येथे पूर्ण न्याय झाला नसला तरी प्रामाणिक तडजोड झाली.

आवाज हरवल्यावर त्याची भरपाई वेगळ्या रीतीनेही करता येते. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही २००८ ची कादंबरी. सोळा वर्षांची कॅटनिस तिची निवेदक. तिच्या देशाचे क्रूर राज्यकर्ते दरवर्षी मुलामुलींना एका रिंगणात सोडतात. शेवटी एकच जिवंत उरावे, असा त्या खेळाचा नियम. पुस्तकात कॅटनिसला जे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. पानापानावर तिचे मन बोलत असते: हा मित्र की शत्रू, हे पाणी पिण्याजोगे की विषारी? २०१२ च्या चित्रपटात ते मन ऐकू येत नाही. मग पटकथाकारांनी, त्यांत स्वतः कॉलिन्सही होत्या, कॅमेरा अशा ठिकाणी नेला की जेथे कॅटनिस कधीच जाऊ शकली नसती. ज्या खोलीत बसून खेळाचे अधिकारी यंत्रांच्या कळा दाबून रिंगणात आग लावतात, ती खोली आपल्याला दाखविली. मुलगी जीव घेऊन धावत आहे, आणि स्वच्छ कपड्यांतील काही माणसे शांतपणे आपापले काम करीत आहेत. कचेरीच्या टेबलामागे ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना ते दृश्य विशेष अस्वस्थ करते. पुस्तकात हा प्रवेश नाही. तरी पुस्तकाचे म्हणणे त्यात आहे. मुलांनीही तो मानला. यावरून असे दिसते, की मुले बदलाला सरसकट विरोध करीत नाहीत. घेतले त्याच्या बदल्यात काय दिले, एवढा चोख हिशेब मात्र ती मागतात.

दुसरी गोष्ट वयाची. रिक रायर्डन यांच्या 'पर्सी जॅक्सन' मालिकेचे पहिले पुस्तक २००५ चे. त्यातला पर्सी बारा वर्षांचा आहे. ग्रीक पुराणातील देवाचा तो मुलगा. पण शाळेत मागे पडणारा, अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात म्हणून टाकून बोलून घेणारा. २०१० च्या चित्रपटात त्याचे वय एकदम चार-पाच वर्षांनी वाढविले. मोठ्या मुलांची गर्दी खेचावी, असा त्यामागचा व्यवहार असावा. लेखकाने चित्रीकरणापूर्वीच याला हरकत घेणारी पत्रे निर्मात्यांना लिहिली होती; ती त्यांनी पुढे स्वतःच प्रसिद्धही केली. त्यांचे म्हणणे वाचकांच्या म्हणण्याहून निराळे नव्हते. कारण या मालिकेतील सारी भविष्यवाणी नायक सोळा वर्षांचा होण्याशी बांधलेली आहे. पहिल्याच गोष्टीत त्याला सोळाचा केल्यावर पुढच्या चार पुस्तकांनी कशाची वाट पाहायची? २०१३ साली दुसरा चित्रपट आला आणि मालिका तेथेच थांबली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात हीच गोष्ट दूरचित्रमालिकेच्या रूपाने पुन्हा आली, तेव्हा लेखक स्वतः तिच्या निर्मितीत होता आणि पर्सी पुन्हा लहान झाला होता. तेरा वर्षे मुले जे ओरडून सांगत होती, ते अखेर ऐकले गेले.

आपल्याकडेही याचे एक जिव्हाळ्याचे उदाहरण आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत शिकतो, काडीसारखा बारीक, सायकलवर स्वार, आणि काही सुचले की जिभेने 'टॉक्' असा आवाज काढणारा. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्या त्याच्या मागून सायकल दामटीत मोठ्या झाल्या. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर त्याच्यावर मालिका झाली. तेव्हा सुमीत राघवन या मुलाने त्याची भूमिका केली होती. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' हा चित्रपट काढला. त्यात अमेय वाघ यांनी रंगविलेला फेणे हा शाळकरी मुलगा नव्हे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि त्या परीक्षेच्या मागे दडलेला गैरव्यवहार तो हुडकून काढतो. येथेही वय वाढविले आहे. मग पर्सीच्या बाबतीत जे चुकले ते येथेही चुकले काय?

मला वाटते, पूर्णपणे तसे म्हणता येणार नाही. हा चित्रपट भागवतांच्या कोणत्याही एका पुस्तकाचे रूपांतर असल्याचा दावा करीत नाही. किंबहुना भागवतांनाच त्याने एक पात्र केले आहे. दिलीप प्रभावळकर यांनी ती भूमिका केली आहे आणि पडद्यावरचा फेणे या वृद्ध लेखकाच्या आसऱ्याला येऊन राहतो. लेखकाचे ऋण असे उघडपणे सांगितल्यावर फसवणूक उरत नाही. लहानपणी ज्यांनी पुस्तके वाचली त्यांचा नायक त्यांच्याबरोबर मोठा झाला, अशी ती कल्पना आहे. तरीसुद्धा एक गोष्ट हरवली, आणि ती लहान नाही. शाळकरी फेण्याची गंमत अशी होती, की त्याच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता, आणि मोठ्या माणसांचा त्याच्यावर विश्वासही नव्हता. 'मुलांनी मध्ये बोलू नये' असे सांगणाऱ्या जगात तो मध्ये बोलायचा आणि त्याचेच खरे निघायचे. अकरा वर्षांच्या वाचकाला हा दिलासा फार मोठा असतो. तरुण नायकाचे धाडस पाहून त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. पण 'हे मीही करीन' असे वाटणार नाही. बन्याची सायकल त्याला आपल्या आवाक्यातली वाटत होती.

येथवर मी असे गृहीत धरून चाललो, की लेखक एकीकडे आणि दिग्दर्शक दुसरीकडे. परंतु दोघे एकच असले तर? सत्यजित राय यांनी 'सोनार केल्ला' ही फेलूदाची रहस्यकथा १९७१ साली लिहिली आणि १९७४ साली स्वतःच तिचा चित्रपट केला. मुकुल नावाच्या एका लहान मुलाला पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो. त्याच्या शोधात मंडळी राजस्थानात जातात. पुस्तकात खरा लबाड कोण, हे शेवटी उलगडते. चित्रपटात रायांनी ते गुपित प्रेक्षकाला बरेच आधी सांगून टाकले! रहस्यकथेतले रहस्यच काढून टाकणे, याहून मोठे धाडस कोणते? एखाद्या परक्या दिग्दर्शकाने ते केले असते तर कोलकात्याच्या मुलांनी त्याला क्षमा केली नसती. पण रायांनी माध्यमाचा स्वभाव ओळखला होता. कागदावर गुप्तहेर शेवटी बसून दहा पाने उलगडा करतो, आणि आपण ती आनंदाने वाचतो. पडद्यावर तोच उलगडा सुरू झाला की गोष्ट थांबते. म्हणून 'हा कोण?' या प्रश्नाच्या जागी त्यांनी 'आता या मुलाचे काय होणार?' ही काळजी आणून बसविली. मुकुलचे वय आणि त्याचा एकलकोंडा, स्वप्नाळू स्वर त्यांनी जसाच्या तसा ठेवला. जे प्राणभूत ते राखले आणि जे माध्यमाचे तेवढे बदलले.

या चित्रपटाने पुस्तकालाही काही परत दिले. जटायू या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू संतोष दत्त यांनी असे उभे केले, की पुढच्या पुस्तकांतील स्वतःच्या रेखाचित्रांत रायांनी जटायूला त्या नटाचाच चेहरा दिला. आणि जैसलमेरचा किल्ला बंगाली माणसाच्या तोंडी कायमचा 'सोनार केल्ला' झाला. पुस्तक आणि चित्रपट यांची देवघेव अशी दोन्ही बाजूंनी चालू शकते, हे विसरू नये.

आणि देवघेवीचा विषय निघाला की मराठी माणसाला 'श्यामची आई' आठवल्यावाचून राहणार नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. रूढ अर्थाने ती किशोर-कादंबरी म्हणून लिहिलेली नाही. पण शाळकरी वयात जे पुस्तक घरोघर हाती पडले, त्याला दुसरे नाव काय द्यावे? आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. आणि १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. गुरुजी ते पाहावयास नव्हते. १९५० सालीच ते गेले होते. अत्र्यांनी चित्रपटात गाणी घातली. छडीच्या धाकाने विद्या येते असे सांगणारे ते मुलांचे गाणे पुस्तकात नाही. तरी आज कित्येकांना ते पुस्तकातलेच वाटते! वनमालाबाईंच्या चेहऱ्यानेच मग पुढच्या वाचकांनी पुस्तकातली आई पाहिली.

परंतु या पुस्तकाची एक खोच ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात बोलणारा श्याम लहान नाही. आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगणारा तो प्रौढ माणूस आहे. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरावा, आणि पायाला जसे जपतोस तसे मनालाही जप असे तिने सांगावे, हा प्रसंग लहान श्यामच्या वाट्याला येतो. पण त्याचा अर्थ उमगतो तो आई गेल्यावर, मोठ्या श्यामला. पडद्यावर लहान श्याम ठळक झाला, की मोठ्या श्यामचे दुःख साहजिकच मागे सरते. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, हीच कथा पुन्हा पडद्यावर आली. आणि योगायोग असा, की दिग्दर्शक पुन्हा सुजय डहाके, 'शाळा' करणारे. रंगीत चित्रपटांच्या युगात त्यांनी ती कृष्णधवल रंगांत चितारली, आणि ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. म्हणजे ज्याला सांगायचे आहे, तो माणूसही गोष्टीत आला. एका पुस्तकाला एकदाच न्याय द्यायचा आणि खटला मिटवायचा, असे नसते. प्रत्येक पिढी आपल्यापुरता नवा अर्ज करू शकते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अन्याय झाला, तर तो कोणावर? लेखकावर? त्याचे पुस्तक जेथल्या तेथे आहे. त्याचे एक अक्षरही चित्रपटाने पुसले जात नाही. पुस्तक वाचलेल्या मुलावर? तो तर भांडू शकतो, आणि भांडतोही. त्याच्याजवळ मूळ प्रत आहे. खरा अन्याय होतो तो ज्याने पुस्तक वाचले नाही आणि पुढेही वाचणार नाही, त्या मुलावर. त्याला तक्रार करता येत नाही, कारण आपल्याला काय मिळाले नाही हेच त्याला ठाऊक नसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हे मी अधिक सांगावयास नको. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणच्या असंख्य मराठी घरांत मुले मराठी समजतात, आजीशी बोलतातही. पण मराठी पुस्तक सलग वाचण्याची सवय त्यांना नसते. लिपी ओळखीची असली तरी तिसऱ्या पानावर दम लागतो. अशा घरात 'शाळा'तला जोशी किंवा फुरसुंगीचा बन्या प्रथम येतो तो पडद्यावरून, आणि पुष्कळदा तेथूनच परत जातो. मूळ पुस्तकाशी ताडून पाहण्याची सोय नसलेल्या या मुलांसाठी चित्रपट हे रूपांतर राहत नाही. तेच त्यांचे मूळ होते. मग चित्रपट काढणाऱ्याची जबाबदारी दुणावते. पुस्तक वाचून आलेल्या चोखंदळ वाचकापेक्षा, पुस्तकाच्या वाटेला कधी न गेलेल्या या मुलाला आपण काय देतो, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे.

आणि आपली, म्हणजे आईवडिलांचीही एक जबाबदारी आहे. 'पुस्तक ते पुस्तक, चित्रपट तो चित्रपट' हे वाक्य बरोबर आहे. पण ते वाद संपविण्यासाठी वापरले की वाया जाते. मूल जेव्हा म्हणते की 'हे पुस्तकात असे नव्हते', तेव्हा त्याला विचारावे, की कसे होते? कोणत्या पानावर? बदलल्याने काय बिघडले? या तीन प्रश्नांची उत्तरे देताना त्या मुलाला मूळ पुन्हा उघडावे लागेल, स्वतःच्या आवडीची कारणे शोधावी लागतील, आणि कधीकधी चित्रपटाची बाजूही मान्य करावी लागेल. वाङ्मयाची समीक्षा म्हणून आपण महाविद्यालयांत जे शिकवितो, त्याचा हा पहिला धडा. तो फुकट आणि आपखुशीने चाललेला असताना आपण दिवा कशाला मालवावा?

ज्या घरात मुलाने पुस्तक वाचलेले नाही, तेथे उपाय आणखी सोपा आहे. चित्रपट पाहून आल्यावर कादंबरी त्याच्या हाती नुसती ठेवू नये. ती तशीच पडून राहील. चित्रपटातला एखादा प्रसंग निवडावा, त्याची मूळ दोन पाने रात्री मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि पुस्तक तेथेच मिटावे. मराठी वाचताना ज्याचे डोळे अडखळतात, त्याचे कान बहुधा अडखळत नाहीत. जोशीच्या बोलीतली गंमत किंवा बन्याचा तो टॉक् एकदा कानांत शिरला, की तिसरे पान पाहण्याची इच्छा त्या मुलालाच होईल. पडद्याने जो दरवाजा अर्धा उघडला, तो पुढे ढकलण्याचे काम आपल्याकडे आहे. मग न्याय झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या मुलालाही मिळेल, आणि पुढच्या वेळी जेवणाच्या पानावर भांडायला घरात एक माणूस वाढेल. ते भांडण जरूर होऊ द्यावे.